काकूचा स्कोअर सहा

मागच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत मी सौंदडला घरी होते. प्रश्नावलीचं मराठी भाषांतर नुकतंच झालं होतं आणि ते कुणावर तरी तपासून बघायचं होतं. लांब जायची गरज नव्हती. आजीला डिमेन्शिया होऊन आठ-नऊ वर्षं झालीत, शेवटची दोन वर्षं ती खाटेवरच आहे आणि तिचं सगळं काकू करते. काकूला ओसरीत बसवलं, बाजूला काका पेपर वाचत होते, आणि मी झारिट मुलाखतीचे बावीस प्रश्न एकामागून एक विचारत गेले. (ही घरगुती तालीम होती, डेटा नाही. आणि हे सगळं काकूला विचारूनच इथे लिहितेय.)

स्वतःसाठी वेळ मिळत नाही असं वाटतं का? नाही. चिडचिड होते का? नाही. तब्येतीवर परिणाम झाला का? "नाई वं, काही तरास नाही." बेरीज केली तर ८८ पैकी ६. पुस्तकाप्रमाणे बघितलं तर काकूवर जवळपास ओझंच नाही.

त्या पावसाळ्यात काकू एकदाही रोवणीला गेली नव्हती. संध्याकाळी ती तांदूळ निवडत बसली होती, मी नुसतीच शेजारी होते, वही आत होती. तेव्हा ती आपणहून म्हणाली, "रातभर झोप कुठं येते? बुढीचा आवाज आला नाही तं उठून नाकापाशी हात धरून पाहा लागते."

मग प्रश्नावली खोटं बोलली का काकू? माझ्या मते दोघीही नाही. रिसर्चची तयारी करणाऱ्यांसाठी हा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो इथेच. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात रुग्ण स्वतः काहीच सांगू शकत नाही. आपल्याला जे कळतं ते सगळं दुसऱ्याच्या तोंडून. तो दुसरा कोण, कुठे बसलाय, समोर कोण आहे, यावर तुमचा आकडा ठरतो.

आधी 'शेवटचा टप्पा' म्हणजे काय ते बघू. बॅरी राइसबर्ग यांच्या 'फास्ट' मापनात सात पायऱ्या आहेत. सातवीच्या सुरुवातीला माणसाचं बोलणं दिवसाला जेमतेम पाच-सहा शब्दांवर येतं, मग एका शब्दावर. पुढे चालणं जातं, मग आधाराशिवाय बसणं, मग हसणं, आणि शेवटी मान धरणं. आमची आजी आता 'माय' आणि 'चाल' एवढंच म्हणते, तेही रोज नाही. बऱ्याच घरांत या अवस्थेला 'म्हातारपण' म्हणतात. वैद्यकीयदृष्ट्या हा जीवघेणा आजार आहे, आणि हे आकड्यांत दाखवणारा अभ्यास २००९ सालचा आहे. सुझन मिचेल आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनजवळच्या २२ नर्सिंग होममधल्या ३२३ रुग्णांवर १८ महिने लक्ष ठेवलं. त्या काळात ५४.८ टक्के लोक गेले. ८५.८ टक्क्यांना खाण्या-गिळण्याची अडचण आली, ४१.१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. म्हणजे गिळायला न येणं हा मध्येच आलेला अपघात नाही, तो आजाराचाच भाग आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे नळीच्या प्रश्नात लागेल.

आता आपल्याकडे असे किती लोक आहेत? लासी-डॅड या मोठ्या भारतीय अभ्यासाचे २०२३ मध्ये आलेले आकडे सांगतात, साठीच्या वरच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. बायकांमध्ये जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. पण पंधरा वर्षं मागे गेलात तर वेगळंच चित्र दिसेल. १०/६६ नावाचा संशोधन गट आहे. जगातले ६६ टक्के डिमेन्शिया रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावर १० टक्क्यांहून कमी संशोधन, म्हणून हे नाव. गट स्थापन झाला १९९८ मध्ये कोचीनला. त्यांनी २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये बऱ्याच देशांचे आकडे एकत्र दिले. डीएसएम-४ या अमेरिकन निकषाने मोजलं तर ग्रामीण भारतात (म्हणजे त्यांच्या वेल्लोर केंद्रावर) डिमेन्शिया फक्त ०.३ टक्के निघाला, सगळ्या केंद्रांत सर्वांत कमी. त्याच लोकांना गटाने स्वतः तयार केलेला निकष लावला तर कुठल्याही केंद्रावर आकडा ५.६ टक्क्यांच्या खाली नव्हता.

म्हातारी माणसं तीच, गाव तेच, फरक कशाने पडला? डीएसएमच्या निकषात एक अट आहे: विस्मरणामुळे रोजच्या कामात, व्यवहारात बाधा आलेली असली पाहिजे. आणि हे सांगायचं कुणी, तर घरच्यांनी. आपल्याकडे सासू सत्तरीला पोचेपर्यंत चूल सुनेकडे गेलेली असते, बाजार मुलाकडे, बँकेचं पासबुक नातवाकडे. म्हातारी ज्या कामात चुकली असती ती कामंच तिच्याकडे उरलेली नसतात. 'कामात काही फरक पडला का?' विचारलं की घरचे अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात. आमच्या घरी तेच झालं. आजी धानाचे परे ओळखेनाशी झाली तेव्हा आम्हाला कळलं, पण त्याआधी किमान तीन वर्षं तिने शेतात पाऊलच टाकलं नव्हतं.

घरच्यांना दिसत नाही असंही नाही. दिसतं, पण त्याचा अर्थ वेगळा लावला जातो. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा गोव्यातला गुणात्मक अभ्यास (२००१) गुणात्मक पद्धत शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. त्यांनी लोकांना डिमेन्शियाच्या माणसाचं छोटं वर्णन ऐकवलं आणि गटचर्चा घेतल्या. वर्णन लोकांनी लगेच ओळखलं, पण हा आजार आहे असं कुणी मानलं नाही. वयानुसार होतंच, असं उत्तर. त्यामुळे डॉक्टरांकडे अशा केसेस क्वचितच यायच्या, मात्र गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना त्या बरोबर माहीत होत्या. दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे: मुलांनी प्रेम दिलं नाही, हेळसांड केली, म्हणून असं होतं, हाही समज तिथे होता. बनारसमध्ये काम केलेल्या लॉरेन्स कोहेन यांच्या १९९८ च्या 'नो एजिंग इन इंडिया' या पुस्तकातही म्हाताऱ्याचं बिघडलेलं डोकं हे 'बिघडलेल्या कुटुंबा'ची खूण मानलं जाण्यावर बरंच लिहिलंय.

आता काकूच्या 'नाही'कडे परत बघा. सासूचं डोकं फिरलं तर बोट सुनेकडे जाणार हे तिला माहीत आहे. अशा बाईला, तेही नवऱ्यासमोर, 'तुम्हाला यांचं ओझं वाटतं का' विचारणं म्हणजे माहिती गोळा करणं नव्हे, ती साक्ष काढणं आहे. झारिटची प्रश्नावली १९८० च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली. सांभाळ हे एक वेगळं काम आहे आणि ते करणारा माणूस त्यापासून जरा दूर उभा राहून त्याबद्दल बोलू शकतो, हे तिथे गृहीत आहे. भाषांतर शब्दांचं होतं, हे गृहीतक तसंच राहतं.

गोव्यातच पुढे एक चाचणी झाली, २००८ मध्ये प्रसिद्ध झाली (अमित डायस आणि सहकारी). ८१ कुटुंबं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटलेली. एका गटाच्या घरी सहा महिने 'होम केअर अॅडव्हायझर' जायच्या. या तज्ज्ञ नव्हेत, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्ती. आजार समजावून सांगायचा, आंघोळ-जेवण कसं करायचं ते दाखवायचं, गरज पडली तर डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची, सरकारी योजनांची माहिती द्यायची. दुसऱ्या गटाला तेच, पण नंतर. निकाल: सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्रास कमी झाला, दोन्ही सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय. झारिटचा स्कोअरही उतरला, पण लक्षणीय म्हणावा इतका नाही. मला यात माझी काकू दिसते, पण तो माझा अंदाज आहे, अभ्यासाचा निष्कर्ष नाही. छोट्या नमुन्यातही असं होऊ शकतं. तसाही या चाचणीचा नमुना शेवटी ५९ कुटुंबांवर आला, कारण सहा महिन्यांत १८ रुग्ण दगावले. म्हातारपणावरच्या संशोधनात गळती होते ती बहुधा मृत्यूने, आणि सिनॉप्सिसमध्ये नमुना ठरवताना बरेच जण हे विसरतात.

आता नळीचा प्रश्न. गेल्या हिवाळ्यात आजीला ताप आला, दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे सुचवलं गेलं की नाकातून राइल्स ट्यूब टाकू, तोंडाने खाणं धोक्याचं आहे. घरात दोन तट पडले. एका नातेवाइकाने फोनवर विचारलं, "म्हणजे उपाशी मारता का तिला?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी 'त्यातलीच पीएचडी' करतेय.

मला जे माहीत होतं ते इतकंच. २००९ च्या कॉक्रेन आढाव्यात या विषयावर एकही यादृच्छिक चाचणी सापडली नव्हती. नळीने आयुष्य वाढतं याचा पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी म्हटलं. इथे थांबा. 'फायद्याचा पुरावा नाही' आणि 'फायदा नाही याचा पुरावा आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. निरीक्षणात्मक अभ्यासांत आणखी एक अडचण असते: नळी बहुधा जास्त खालावलेल्यांनाच लावतात, मग ते लवकर गेले तर दोष नळीचा की आजाराचा? जोन टेनो यांच्या गटाने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ३६ हजारांहून जास्त नर्सिंग होम रुग्णांच्या नोंदी घेऊन हा फरक सांख्यिकीने शक्य तितका काढून बघितला. जगण्याच्या काळात फरक दिसला नाही, नळी लवकर लावली काय किंवा उशिरा. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात नळीवाल्यांमध्ये बेडसोर जास्त आढळले. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना प्रगत डिमेन्शियात नळीपेक्षा हाताने भरवण्याची शिफारस करते.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हे अभ्यास बहुतेक पोटातून घातलेल्या 'पेग' नळीचे आहेत आणि नर्सिंग होमचे आहेत. सौंदडच्या घरात, नाकातली नळी, सांभाळायला एकटी काकू, हे त्यांच्या नमुन्यात कुठेच नाही. नाकातली नळी रुग्ण उपसून काढतो, मग त्याचे हात बांधतात, हे मी वॉर्डात बघितलंय. मी घरी एवढंच सांगितलं की नळी न टाकणं म्हणजे उपाशी ठेवणं नाही, जितकं घेईल तितकं भरवत राहायचं. निर्णय काका-काकूंनी घेतला. नळी टाकली नाही.

काकू आता आजीला उशा लावून पुरतं बसवते, जेवणानंतर अर्धा तास तसंच ठेवते. पातळ पाण्याने ठसका लागतो, घट्ट पेजेने कमी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. छोटा चमचा, मग घशाची हालचाल बघायची, मग गालात काही उरलंय का ते बघायचं, मग दुसरा चमचा. अर्धी वाटी पेज, पाऊण तास. कधी आजी तोंडच मिटून घेते, त्या दिवशी काकू नुसते ओठ ओले करते.

एक गोष्ट मात्र मला माझ्या वाचनामुळे आधी कळली, काकूला नाही. कूस बदलताना आजी कण्हायची, भुवया आवळायची, हात झटकायची. घरचे म्हणायचे, हट्टी झालीय. बोलू न शकणाऱ्या रुग्णाची वेदना मोजायला 'पेनॅड' नावाचं २००३ सालचं साधं मापन आहे: श्वास, आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १०. मी बघितलं तर ७ आले. पाठ उघडून पाहिलं, माकडहाडावर बेडसोर सुरू झाला होता. दर दोन तासांनी कूस बदलायचं सांगितलेलं होतं, पण रात्री दोन आणि चारला एकट्या बाईने ते कसं करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. असाच एक नियम: वागणं दोन-चार दिवसांत एकदम बदललं तर ते डिमेन्शियावर ढकलू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवीन औषध, आधी ते तपासून घ्या.

मुलाखतीची पद्धत मी त्यानंतर बदलली. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रुग्णाच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्यावी लागते, आणि आपल्याकडे तो बहुधा मुलगा असतो. पण संमती देणारा आणि भरवणारा एकच असेल असं नाही. म्हणून आता सही मुलाची आणि मुलाखत सुनेची, वेगळ्या वेळी, शक्यतो ती काम करत असताना. आधी 'काल सकाळी उठल्यापासून सांगा' एवढंच विचारते. तासातासाने काय झालं ते लिहून घेते, झारिट सगळ्यात शेवटी. आणि मुलाखतीच्या वेळी आसपास कोण होतं याचा एक रकाना फॉर्ममध्ये घातलाय. गाइडना तो आधी अनावश्यक वाटला होता.

दिवाळीत घरी गेले तेव्हा काकूने सुधारित फॉर्म हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "यात झोपेचा प्रश्न काऊन नाही वं?"

मी परत बावीस प्रश्न वाचले. तब्येत आहे, पैसा आहे, एकांत आहे, राग आहे. झोप नाही. तेविसावा प्रश्न मी हाताने खाली लिहिला, वेगळा, बेरजेत न धरता.