धंदा बंद करायचा, पण कसा? कोरियातील कुत्रापालकांचा धडा

शेतकरी बंधूंनो, आपल्याकडं कुत्रं म्हणजे वस्तीवरची राखण. ते खायचं जनावर आहे, असं नुसतं ऐकलं तरी अनेकांच्या अंगावर काटा येईल. पण दक्षिण कोरियात कुत्री पाळून विकणं हा शेळीपालनासारखाच एक धंदा होता. ‘बोकनाल’ नावाच्या उन्हाळ्यातल्या तीन कडक दिवसांत कुत्र्याच्या मटणाचा रस्सा प्यायला की अंगात ताकद राहते, अशी जुन्या लोकांची समजूत. हसू नका, हाड मोडलेल्याला पायाचं सूप आपणही पाजतोच की!

१९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून सरकारनं ही हॉटेलं मुख्य रस्त्यांवरून हलवली. तेवढ्यानं खाणं थांबलं नाही. खरा बदल घरातून झाला. शहरात कुत्रं घरात आलं, लेकरांबरोबर वाढलं. तरुण पिढीनं ते मटण सोडलं. गॅलप कोरियाच्या पाहणीत वर्षभरात कुत्र्याचं मटण खाल्लेले लोक २०१५ मध्ये २७ टक्के होते, २०२३ मध्ये ८ टक्के. प्राणिमित्र संघटनांनी तारेच्या पिंजऱ्यांतली कुत्री जगाला दाखवली. बुसान शहरातला गुपोचा कुत्र्यांचा बाजार २०१९ मध्ये बंद झाला.

कायद्याचा घोळही मोठा होता. पशुपालनाच्या कायद्यात कुत्रा ‘पशुधन’ होता, म्हणून पाळायला हरकत नव्हती. पण मांस तपासणीच्या कायद्यात त्याचं नावच नव्हतं. म्हणजे कत्तल कशी व्हावी, मांस कोणी तपासावं, याला नियम नाही!

अखेर ९ जानेवारी २०२४ रोजी संसदेत २०८ विरुद्ध शून्य मतांनी बंदीचा कायदा झाला. मांसासाठी कुत्री पाळणं, मारणं, विकणं हे गुन्हे ठरले. कत्तलीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी वॉनपर्यंत दंड. खाणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. शिक्षेच्या तरतुदी लागू होण्यासाठी फेब्रुवारी २०२७ पर्यंतची मुदत दिली.

पालकांनी स्थानिक कचेरीत नोंद करायची आणि धंदा कसा बंद करणार हे लिहून द्यायचं. सुमारे दीड हजार फार्म आणि साडेचार लाखांवर कुत्री नोंदली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये भरपाई जाहीर झाली: एका कुत्र्यामागं सव्वादोन लाख ते सहा लाख वॉन. जो लवकर बंद करील त्याला जास्त. पालकांची मागणी होती वीस लाखांची. त्यांचं म्हणणं एवढंच, की उतारवयात दुसरा धंदा कुठून शिकायचा?

आणि कुत्र्यांचं काय? ही जनावरं अंगानं थोराड. शहरातल्या फ्लॅटमध्ये त्यांना कोण नेणार? दया दाखवणं सोपं, रोजचं खाणं घालणं अवघड.

आपल्या राज्यात २०१५ मध्ये बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा निकामी बैल सांभाळण्याचा भार मुख्यतः शेतकऱ्यावरच पडला. कोरियानं निदान मुदत आणि भरपाई कायद्याबरोबर आणली, पण उरलेल्या जनावरांचा प्रश्न त्यांनाही सुटायला जड गेला.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी आणि तुम्हीही एक ध्यानात ठेवा. उद्या कुठल्याही जनावराबाबत नवा नियम आला, तर ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा: मुदत किती, भरपाई किती, आणि दावणीला उरलेल्या जनावराला वैरण कोण घालणार?