कबरींची साक्ष आणि इस्लामचा प्रसार

इस्लामचा प्रसार कसा झाला, या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहेत. एक उत्तर तलवारीचे, दुसरे व्यापारी आणि साधुपुरुषांचे. दोन्ही पक्षांपाशी ग्रंथांतील उतारे भरपूर असतात. मात्र ते ग्रंथ बहुधा मूळ घटनांनंतर शे-दोनशे वर्षांनी, कोणा तरी दरबाराच्या आश्रयाने लिहिले गेलेले असतात. बखरींवरून इतिहास सिद्ध करताना काय अडचणी येतात, हे मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. म्हणूनच पुरातत्त्वज्ञांनी अलीकडच्या काही दशकांत जो दुसरा साक्षीदार पुढे आणला आहे, त्याच्याकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते. हा साक्षीदार म्हणजे कबर.

मुस्लिम दफनविधी मोठा साधा आहे. मृतदेहाला स्नान घालून कफनात गुंडाळावयाचे, अरुंद खड्ड्यात उजव्या कुशीवर निजवावयाचे आणि चेहरा मक्केकडे करावयाचा. सोबत दागिना, शस्त्र, भांडे वा धान्य काही ठेवावयाचे नाही. विधी एकच असला तरी मक्केची दिशा देशागणिक बदलते. भारतात चेहरा पश्चिमेस येतो, दक्षिण फ्रान्समध्ये आग्नेयेस, तर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उत्तरेस. मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती लोक मृताला उताणे, डोके पश्चिमेस करून पुरीत. त्यामुळे नुसत्या सांगाड्याची ठेवण पाहूनही, अंत्यविधी करणारे लोक कोणत्या धर्माचे होते, याचा बराचसा निर्णय करता येतो. अडचण आहे ती कालनिश्चितीची. एरवी ज्यांच्या आधारे कबरीचा काळ ठरतो ती भांडी आणि नाणी या कबरीत नसतात. ती उणीव हाडांतील किरणोत्सारी कार्बनच्या मापनाने भरून काढली, आणि अलीकडे त्याला जनुकीय तपासणीची जोड मिळाली.

या पद्धतीने काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण दक्षिण फ्रान्समधील नीम या शहरात मिळते. तेथील उत्खननात इतर काही विखुरलेल्या कबरींच्या परिसरातच तीन कबरी अशा मिळाल्या की त्यांतील पुरुष उजव्या कुशीवर, मक्केकडे तोंड करून निजविलेले होते. त्यांचा काळ सातवे ते नववे शतक असा निघाला. पितृपरंपरेने ते उत्तर आफ्रिकेतील वंशाचे होते, असे जनुकीय तपासणीत दिसले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जवळचे नार्बोन शहर ७१९ ते ७५९ या काळात मुस्लिम सत्तेखाली होते, ही गोष्ट ग्रंथांतून माहीत होतीच. हे तिघे त्या सैन्याबरोबर आलेले बर्बर असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. तेव्हा तलवारीच्या पक्षाला येथे आधार मिळतो, असे म्हणता येईल. पण त्यांना विधिपूर्वक पुरणारे सहधर्मी त्या ख्रिस्ती शहरात होते आणि त्यासाठी लागणारी सवड व जागाही होती, ही गोष्ट केवळ स्वारी-शिकारीच्या वर्णनात बसत नाही. आणखी एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी लागते. हाडांत वंश सापडतो, धर्म सापडत नाही. धर्म सापडतो तो हाडे ज्या रीतीने ठेवली त्या रीतीत. नीमच्या तीन कबरी बाहेरून आलेल्या माणसांच्या आहेत. स्थानिक माणसे मुसलमान झाली की नाही, याविषयी त्या अवाक्षरही बोलत नाहीत.

आलेली माणसे आणि बदललेली माणसे यांतील हा भेद एकदा लक्षात आला, की पुष्कळ जुने वाद निराळे दिसू लागतात. व्होल्गा नदीकाठच्या बल्गार राज्याचे उदाहरण घ्यावे. इ. स. ९२२ मध्ये बगदादच्या खलिफाचा वकील तेथे पोचला; त्याच्याबरोबर आलेल्या इब्न फदलानचे प्रवासवृत्त प्रसिद्धच आहे. पाठ्यपुस्तके हे वर्ष बल्गारांच्या धर्मांतराचे वर्ष म्हणून देऊन मोकळी होतात. परंतु सोव्हिएत काळात तेथील दफनभूमींचा जो अभ्यास झाला, त्यात निराळेच चित्र दिसले. शस्त्रे, भांडी आणि अन्न सोबत ठेवण्याची जुनी रीत दहाव्या शतकात मुस्लिम रीतीच्या शेजारी नांदत राहिली आणि अकराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास मावळली. राजाने धर्म स्वीकारला एका दिवशी. प्रजेने आपल्या आईबापांना निराळ्या रीतीने पुरावयास शिकण्यात काही पिढ्या गेल्या. राजाज्ञेची तारीख आणि लोकाचाराची तारीख यांत एवढे अंतर पडते, हे आपल्या इतिहासलेखकांनीही विसरू नये.

सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा पुरावा मात्र आग्नेय आशियातला आहे. तेथे खोदकामापेक्षा कबरींवरच्या शिळाच अधिक बोलक्या ठरल्या. सुमात्राच्या उत्तर टोकाला असलेल्या पासै राज्याचा सुलतान मलिक अस्-सालिह याच्या शिळेवर १२९७ हे मृत्युवर्ष येते. त्याच राज्यातील राणी नहरासियाची १४२८ ची संगमरवरी कबर, आणि जावातील ग्रेसिक बंदरात १४१९ साली मरण पावलेल्या मलिक इब्राहीम याची शिळा, या दोन्ही पाहून मोकेत नावाच्या डच संशोधकाने १९१२ साली दाखवून दिले की, ही कारागिरी गुजरातेतील खंबायतची आहे. खंबायतचे पाथरवट असल्या शिळा कोरून जहाजांनी दूरदूर पाठवीत. अरबस्तानातील धोफारपर्यंत त्या गेलेल्या आहेत. कबरीवरील दगड हा त्या बंदराच्या निर्यातीचा एक रीतसर माल होता!

यावरून, आग्नेय आशियात इस्लाम गुजरातेतून गेला, असे अनुमान काढले गेले आणि ते दीर्घकाळ टिकले. अनुमान सुटसुटीत आहे. पण त्यात एक ढोबळ चूक आहे. माल कोठून आला आणि श्रद्धा कोठून आली, हे दोन प्रश्न एक नव्हेत. ज्याला चांगला दगड हवा असतो तो चांगल्या पेठेतून दगड मागवितो. त्या पेठेतून तो आपला ईश्वरही मागवितो असे नाही. शिवाय मलिक अस्-सालिह निवर्तला तेव्हा गुजरातेवर वाघेला राजांची सत्ता होती. मुसलमान व्यापारी त्या राज्यात होते, हे खरे. वेरावळच्या १२६४ च्या शिलालेखात होरमुझच्या एका नाखव्याने मशिदीसाठी केलेल्या व्यवस्थेची नोंद हिंदू राजाच्या कारकिर्दीतच कोरली गेली. पण त्याच समुद्रात मलबारचे, कोरोमंडलचे, अरबस्तानचे आणि इराणचेही व्यापारी वावरत होते. शिळेवरून व्यापाराचा मार्ग सिद्ध होतो. धर्माचा मार्ग तोच असेल, असे फार तर संभवते.

पूर्व जावातील त्रोवुलान आणि त्रालाया येथील शिळांची गोष्ट आणखी वेगळी आहे. माजापहित या हिंदू-बौद्ध साम्राज्याची राजधानी येथेच होती. राजधानीच्या अगदी लगत मुसलमानांच्या कबरी असून त्यांवर अरबी धर्मवचने कोरलेली आहेत. पण त्यांतील कित्येकांवरचे वर्ष हिजरी नसून शकाचे आहे, आणि अंकही अरबी नसून जुने जावानी आहेत. त्यांपैकी सर्वांत जुने वर्ष शके १२९०, म्हणजे इ. स. १३६८-६९ होय. मराठी माणूस आपल्या पंचांगात जो शक आजही पाहतो, तोच हा शक. परदेशी व्यापाऱ्याच्या कबरीवर स्थानिक कालगणना कोण कशाला घालील? काही शिळांवर माजापहितच्या सूर्यचिन्हासारखी नक्षी आहे. ह्या साऱ्यावरून अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला की, ह्या कबरी जावातील प्रतिष्ठित, कदाचित राजघराण्याशी संबंधित अशा व्यक्तींच्या असाव्यात. त्या वेळी हयाम वुरुक राजाची कारकीर्द ऐन भरात होती. म्हणजे साम्राज्य खिळखिळे होऊन परधर्म आत शिरला, ही समजूतही या दगडांपुढे टिकत नाही. दरबारातील माणूस मुसलमान झाला, आणि तरीही तो, निदान त्याची मुलेबाळे, वर्ष मोजताना शकच मोजत राहिली.

पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली किनाऱ्यावरील कबरींनी असाच एक जुना वाद बराचसा मिटविला आहे. तेथील नगरे इराणच्या शिराझहून आलेल्या राजपुत्रांनी वसविली, अशी परंपरागत कथा आहे. ती बनावट म्हणून पुष्कळांनी झिडकारली होती, तर वसाहतकाळातील काही लेखकांनी तिच्या आधारे या नगरांचे सारे श्रेय आफ्रिकेबाहेर नेऊन टाकले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८० व्यक्तींचे अवशेष तपासले गेले. इ. स. १००० च्या सुमारास आशियातून, मुख्यतः इराणकडून आलेले पुरुष आणि आफ्रिकी स्त्रिया यांचे रक्त तेथे एकत्र आले. थोडा अंश भारताकडचाही आहे. कथेला आधार होता, पण घर होते आफ्रिकी बायकांचे आणि भाषाही त्यांचीच टिकली. इस्लाम मात्र तेथे याहूनही जुना आहे. केनियाच्या शांगा येथे १९८० च्या दशकात मार्क हॉर्टन यांना, एकावर एक बांधलेल्या मशिदींच्या तळाशी, आठव्या शतकाच्या अखेरची लहानशी लाकडी मशीद सापडली.

एवढे सांगितल्यावर या साक्षीदाराची उलटतपासणीही केली पाहिजे. आफ्रिकेतील या तपासणीत मशिदीलगतच्या प्रतिष्ठितांच्या कबरींचा भरणा मोठा आहे. संगमरवराची शिळा गुजरातेतून मागविणे राणीला परवडे; कोळ्याला आणि हमालाला ते कसे परवडावे? ज्या गरीब माणसाच्या कबरीवर नुसता मातीचा ढीग होता, तो पावसाने वाहून गेला. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला नमुना निवडीचा हा दोष लगेच ओळखता येईल. इस्लाम श्रीमंतांकडून गरिबांकडे गेला की उलट, हा प्रश्न श्रीमंतांच्या कबरी मोजून कधीच सुटणार नाही. दुसरे असे की, खोदकामाची जागा संशोधक ठरवीत नाही, बहुधा कंत्राटदार ठरवितो. स्पेनमधील पाम्प्लोना येथे आठव्या शतकातील मुस्लिम कबरस्तान उजेडात आले, ते भर चौकाखाली मोटारी ठेवण्यासाठी तळघर खणताना. सुमारे १९० सांगाडे तेथून काढण्यात आले. तळघर झाले नसते, तर ते कबरस्तान कोणाला ठाऊकही झाले नसते.

आणि जेथे कबर अद्याप पूज्य आहे, तेथे कुदळ थांबते. ती थांबावी हेच योग्य. त्रालाया आज यात्रेचे ठिकाण आहे. दूरदूरचे भाविक तेथे येऊन प्रार्थना करतात. शके १२९० च्या आसपासच्या त्या शिळांखाली जावाचे सरदार आहेत की समुद्रापलीकडून आलेल्या कोणाचे नातू, याचा निर्णय हाडे देऊ शकतील. परंतु ती हाडे कोणी बाहेर काढणार नाही, आणि इतिहासकाराला वरच्या दगडावरील अंकांवरच समाधान मानावे लागेल.