लहान रानाला कोणता ट्रॅक्टर?



बैलजोडी घ्यायची झाली, की आपण दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. ट्रॅक्टर घेताना मात्र पुष्कळजण एवढेच विचारतात, "किती हॉर्सपॉवर?" २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी खातेदाराची जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होती. एवढ्या रानाजोगे १५ ते २५ हॉर्सपॉवरचे छोटे ट्रॅक्टर आज मिळतात. पण तो घ्यावा का, हा प्रश्न आधीचा. कोणता घ्यावा, हा नंतरचा.

एक हिशेब करू. गुरुजींनी तो सातवीच्या मुलांकडून करून घ्यावा. एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. तीन फूट रुंदीचा रोटाव्हेटर एवढ्या रानात एकदा फिरवायला किती चालावे लागेल? तीनाने भागा. १४,५२० फूट आले, म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर. ताशी अडीच किलोमीटरच्या चालीने पावणेदोन तास. बांधापाशी वळण्याचा वेळ मिळवून दोन तास धरा. तीन एकरांना सहा तास. वर्षातून तीनदा फिरवला, तरी अठराच तास झाले! बाकीचे वर्ष यंत्र दारात उभे राहते. हप्ता मात्र उभा राहत नाही. समजा, हप्ता, विमा आणि दुरुस्ती मिळून वर्षाला ८०,००० रुपये पडले. अठरा तासांवर वाटले तर तासाला जवळजवळ साडेचार हजार. ४०० तास काम मिळाले तर अवघे २००. डिझेल वेगळेच. हा आकडा गावातल्या भाड्याच्या दराशेजारी मांडून पाहा. जमीन गहाण टाकून कर्ज काढणार असाल, तर हा कागद घरच्या मंडळींनाही दाखवा.

आता चारशे तास आणायचे कुठून? ते नांगरटीतून येत नाहीत, पिकाच्या ओळीतून येतात. द्राक्षबाग, डाळिंब, रुंद सरीचा ऊस यांत फवारणी, आंतरमशागत, खताची वाहतूक, हे काम वारंवार असते. म्हणून दुकानी जाण्यापूर्वी टेप घेऊन बागेत जा. दोन ओळींतले मोकळे अंतर मोजा. फांद्या आणि मांडवाच्या तारा किती उंचीवर आहेत तेही पाहा. साडेतीन फुटांचे यंत्र साडेचार फुटांच्या सरीत शिरले, तर दोन्ही बाजूंना जेमतेम सहा-सहा इंच उरतात. आणि ओळीच्या टोकाला वळायला जागा आहे ना? बांधापर्यंत ऊस लावणाऱ्याने हे विसरू नये, बरं का.

भारी काळ्या जमिनीची उन्हाळी नांगरट हलक्या ट्रॅक्टरकडून करून घेण्याचा हट्ट धरू नका. इंजिनात जोर असला, तरी अंगात वजन नसले की चाके जागच्या जागी फिरतात. पुढे लोखंडी वजने लावून, चाकांत पाणी भरून किंवा चारही चाकांना जोर देणारे यंत्र घेऊन थोडा फरक पडतो. तरी ते वर्षाकाठचे एक काम मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणून उरकावे, हे माझे मत. शिवाय ओल्या काळ्या रानात वजनी यंत्र घातले, तर खालची माती दबून घट्ट होते, हेही ध्यानात असू द्या.

विक्रेता सांगतो तो जोर बहुधा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर आणि फवारणीयंत्र चालते ते मागच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पी.टी.ओ.वर, तिथे पोचणारा जोर त्याहून कमी असतो. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. तिथे ट्रॅक्टरांची परीक्षा होते. पी.टी.ओ.चा जोर, ओढण्याची ताकद, उचलण्याची क्षमता आणि डिझेलचा खप या अहवालात असतो. तो मागा. देण्यास टाळाटाळ झाली, तर दुसरे दुकान पाहा.

हा दांडा साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर त्यात सापडला, तर ओढून काढायला सवड मिळत नाही. त्यावरचे आवरण असल्याशिवाय यंत्र घरी आणू नका.

शेवटची गोष्ट, चाचणी. ती दुकानापुढच्या डांबरी रस्त्यावर नको. यंत्र तुमच्याच रानात मागवा, अवजार जोडून दोन गुंठे चालवून घ्या, आणि उद्या ते चालवणार असेल त्यालाच बसवा.