क्रॅब तेजोमेघासमोरील टायटनची छाया

तेजोमेघासमोरून जाणाऱ्या ग्रहाचे वा उपग्रहाचे चित्रण हे मापनाचेही साधन ठरते. ५ जानेवारी २००३ रोजी शनीचा उपग्रह टायटन वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघासमोरून गेला. इ.स. १०५४ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याचा हा अवशेष क्ष-किरणांचा प्रखर स्रोत आहे. या पार्श्वभूमीवर चंद्रा अवकाश दुर्बिणीने टायटनची छाया टिपली. शनीचे अधिक्रमण मात्र तिला टिपता आले नाही. कारण त्या वेळी ती पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांतून जात होती.

छायेचा व्यास टायटनच्या घन गोलाच्या व्यासापेक्षा मोठा आढळला. कारण वातावरणही क्ष-किरण शोषून घेते. या फरकावरून क्ष-किरण अडविणाऱ्या वातावरणाची जाडी सुमारे ८८० किलोमीटर ठरली. व्हॉयेजर-१ च्या १९८० मधील निरीक्षणांशी ती स्थूलमानाने जुळते. यावरून दूरस्थ वातावरणाच्या अभ्यासात छायामापनाचे महत्त्व स्पष्ट होते.