खैरलांजीची बातमी उशिरा का पोहोचली?

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. राज्यभर आंदोलन पेटले ते नोव्हेंबरमध्ये. शोध पत्रकारिता म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर मधल्या महिन्याकडे पाहायला हवे. सुरुवातीच्या काही बातम्यांनी या हत्याकांडाला अनैतिक संबंधांचा रंग दिला. जमिनीचा वाद, जात, आधीच्या मारहाण प्रकरणात या कुटुंबाने दिलेली साक्ष, हे सगळे ठळकपणे मांडले ते सत्यशोधन समित्यांनी. पहिल्या शवविच्छेदनातील त्रुटींमुळे पुरलेले मृतदेह पुन्हा बाहेर काढावे लागले. २००८ मध्ये भंडारा न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही नाही. पहिल्या आठवड्यात जे नोंदले गेले नाही, ते पुढे सिद्ध करणे किती अवघड, हे यातून दिसते.

आज आपण व्हिडिओ लगेच फिरवतो. फिरवावाही. पण पोस्ट म्हणजे तपास नव्हे. एफआयआर वाचा, त्यात अ‍ॅट्रॉसिटीची कलमे आहेत का बघा. संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. बाकी कागदांसाठी दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘तपास सुरू आहे’ एवढेच उत्तर आले तर अपील करा. नुसता तपास सुरू असणे पुरेसे कारण नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे.

तालुक्याच्या वार्ताहराला नुसता दोष देऊन भागत नाही. अनेकांची कमाई जाहिरातींच्या कमिशनवर चालते आणि जाहिरात देणारा बहुधा गावचा पुढारीच असतो. आपल्या कार्यकर्त्याला हे बंधन नाही, मात्र त्याला वकील नाही, संपादक नाही, आणि राहायचे त्याच गावात. म्हणून एकट्याने जाऊ नका. जबाब दोघांनी मिळून, तारखेसह लिहून घ्या, कागदांच्या प्रती गावाबाहेर ठेवा. आरोपींची बाजूही विचारा. ती न विचारता छापलेली बातमी बदनामीच्या नोटिशीपुढे टिकत नाही.

लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. श्रद्धांजलीच्या बॅनरवरचा फोटोही त्यात येऊ शकतो, हे गावातल्या मंडळांना आधीच सांगून ठेवा.