पदकांचे वजन कसे मोजावे?

नववी-दहावीतील विद्यार्थ्यांचे काही पालक आता शिक्षकांना एक नवा प्रश्न विचारतात. ‘‘सर, मुलीला बारावीनंतर अमेरिकेत शिकायला पाठवायचा विचार आहे. तिथल्या अर्जात बक्षिसांचा रकाना असतो म्हणे. तो भरायला तिला कोणकोणत्या परीक्षांना बसवू?’’ मुंबई-पुण्यातला हा प्रश्न आता छत्रपती संभाजीनगरातल्या शाळांतही विचारला जातो. त्याचे उत्तर देण्याआधी तो रकाना नेमका काय मागतो ते पाहू.

अमेरिकेतील एक हजाराहून अधिक महाविद्यालये व विद्यापीठे ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नावाचा एकच सामायिक अर्ज स्वीकारतात. त्यात शैक्षणिक सन्मानांसाठी फक्त पाच जागा असतात आणि प्रत्येक सन्मान शंभर अक्षरांत बसवावा लागतो. सन्मान नववी किंवा त्यानंतरचे हवेत. ते कोणत्या पातळीवरचे, हेही विचारलेले असते: शाळा, राज्य, राष्ट्र की आंतरराष्ट्रीय. म्हणजे शाळेने दिलेले बक्षीसही तेथे लिहिता येते. रकाना भरणे सक्तीचे नाही. याशिवाय विद्यार्थी वर्गाबाहेर काय करतो, हे सांगण्यासाठी दहा जागा वेगळ्या असतात. पाच सन्मान आणि दहा उपक्रम, या प्रमाणातच बरेच काही आले.

आपल्याकडे याच्या उलट स्थिती आहे. अभियांत्रिकी वा वैद्यकीय प्रवेश सीईटी, जेईई किंवा नीटच्या गुणांवर होतात, तेथे विज्ञान परीक्षांच्या पदकांना जागा नाही. थोडे अपवाद आहेत. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट राष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमधील यशाची दखल प्रवेश देताना घेते. आयआयटी कानपूरने २०२५ मध्ये ऑलिम्पियाडच्या शिबिरापर्यंत पोहोचलेल्यांसाठी जेईई ॲडव्हान्स्डखेरीज वेगळी वाट उघडली. परंतु हे अपवाद कोणत्याही पदकासाठी नाहीत. म्हणून पदकाचे वजन करता येणे महत्त्वाचे ठरते.

पदक हे एका अर्थी मोजमापाचे उपकरण आहे. कोणत्याही उपकरणाबाबत आपण जे प्रश्न विचारतो तेच येथे विचारावेत. पहिला प्रश्न: कितीजणांतून निवड झाली? समजा, एखाद्या खासगी परीक्षेत प्रत्येक शाळेतील प्रत्येक इयत्तेच्या पहिल्या विद्यार्थ्याला सुवर्णपदक मिळते. आपल्या शाळेतून नववीची बारा मुले बसली असतील, तर ते पदक ‘बारांत पहिला’ एवढेच सांगते. अशा एक हजार शाळा असल्या तर एकट्या नववीत एक हजार सुवर्णपदके वाटली गेली. यात खोटे काही नाही, पण छेद लिहिला नाही तर अंशाला अर्थ राहत नाही.

दुसरा प्रश्न: परीक्षेने काय तपासले? पाठ्यपुस्तकातील माहितीची पर्यायी उत्तरे, की विचार करायला लावणारे प्रश्न, की हाताने केलेले काम? तिसरा प्रश्न: प्रवेशशुल्क भरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही मिळते का? मिळत असेल, तर ते पावतीच्या जवळचे आहे. आम्ही संशोधक उन्हाळी प्रकल्पांसाठी विद्यार्थ्यांचे अर्ज वाचतो, तेव्हा दहा प्रमाणपत्रांची यादी आम्हांला फारसे काही सांगत नाही. ‘हे मी केले, त्यात हे अडले, मग असे केले’ या तीन वाक्यांतून विद्यार्थी दिसू लागतो.

या कसोट्यांवर टिकणाऱ्या आणि आपल्या मुलांच्या आवाक्यातील काही वाटा पाहू. गणितात राष्ट्रीय ऑलिम्पियाड १९८६ पासून होते आणि भारताचा संघ १९८९ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरतो. पहिल्या पायरीवर तीन तासांत तीस प्रश्न असतात. त्यानंतर विभागीय परीक्षा, राष्ट्रीय परीक्षा आणि शिबिर असे टप्पे पार करून शेवटी देशभरातून सहाजण निवडले जातात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व खगोलशास्त्र यांच्या ऑलिम्पियाडची पहिली फेरी भारतीय भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना घेते, पुढचे टप्पे मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सांभाळते. येथे दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचणे हाही लिहिण्याजोगा सन्मान आहे.

बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून सहावी व नववीसाठी होते. ती मराठीतूनही देता येते. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि मग प्रकल्प व मुलाखत असल्यामुळे नुसत्या पाठांतरावर शेवट गाठता येत नाही. इन्स्पायर-मानक योजनेत शाळेने सुचविलेली विद्यार्थ्याची कल्पना निवडली गेली, तर नमुना तयार करण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. तालुक्यापासून सुरू होणारे विज्ञान प्रदर्शन तर प्रत्येक शाळेच्या दाराशी आहे. आठवीत घेतली जाणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षाही विसरू नये. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे आणि मूल शासकीय, अनुदानित वा स्थानिक संस्थेच्या शाळेत आहे, त्याला निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाने हा सन्मान अर्जात जरूर लिहावा.

जुन्या मार्गदर्शिकांवर मात्र विसंबू नये. १९६३ मध्ये दिल्लीत सुरू होऊन देशभर पोहोचलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर स्थगित झाली. १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये बंद झाली. तरीही त्यांच्या नावाने तयारीची पुस्तके मिळतात. शुल्क भरण्याआधी संयोजक संस्थेचे चालू वर्षाचे पत्रक पाहावे.

आता त्या दहा जागांकडे वळू. त्या भरण्यासाठी पदक लागतच नाही. आपल्या शहरातून खाम नदी वाहते. शहराखाली मलिक अंबरच्या काळातील नहरींचे जाळे आहे आणि त्याच पद्धतीच्या एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की चालत असे. तीन-चार विद्यार्थ्यांनी खामच्या तीन ठिकाणांचे पाणी दर महिन्याच्या ठरावीक तारखेला तपासले तर? तळाशी काळी फुली काढलेली एक उंच पारदर्शक नळी घ्यावी. तीत पाणी ओतत जावे आणि वरून पाहताना फुली दिसेनाशी झाली की पाण्याची उंची मोजावी. पाणी जितके गढूळ, तितकी ही उंची कमी. सोबत तापमान आणि आदल्या आठवड्यातील पाऊस नोंदवावा. मोठ्या माणसाला बरोबर घ्यावे, हातमोजे घालावेत आणि पुरात पाण्याजवळ जाऊ नये. खर्च किरकोळ आहे. एका वर्षात तीन ठिकाणांच्या छत्तीस नोंदी होतील. ‘खाम नदीची गढूळता तीन ठिकाणी वर्षभर मोजली, पावसाशी तुलना केली’ हे वाक्य अर्जात सहज बसते, आणि मुलाखतीत त्यावर दहा प्रश्न विचारले तरी विद्यार्थी अडत नाही. हाच प्रकल्प विज्ञान प्रदर्शनातही मांडता येतो. बक्षीस मिळाले तर उत्तम. न मिळाले तरी नोंदी उरतातच.

यात पालकांची मिळकत आणि मुलांचा वेळ पणाला लागलेला असतो. एका वर्षात पाच सशुल्क परीक्षा देणाऱ्या मुलाला प्रयोग करायला सवड उरत नाही. पैसे घेऊन शालेय मुलांचे ‘संशोधन’ छापून देणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. लेखात मुलाला जे समजलेले नाही, ते त्याच्या नावावर असणे हा सन्मान नव्हे.

शिक्षकांना सहज करण्याजोगे एक काम आहे. शाळेत नववीपासून एक वही ठेवावी. तीत विद्यार्थ्याचे नाव, तारीख, स्पर्धेची पातळी, एकूण किती बसले, किती निवडले गेले आणि विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय केले, एवढे रकाने असावेत. शिफारसपत्र लिहिताना ‘हुशार विद्यार्थी’ असे लिहिण्याऐवजी ‘८४ विद्यार्थ्यांत पहिली, एक वर्ष नदीच्या पाण्याच्या नोंदी स्वतः घेतल्या’ असे लिहिता येईल. शाळेचे नाव परदेशात कोणाला माहीत नसले, तरी हे वाक्य वाचणाऱ्याला ती मुलगी कळेल.