परकराच्या नाडीकडे लक्ष द्या

८ मार्च २०२५ रोजी हिंगोली जिल्ह्यात बायकांमधला कर्करोग शोधण्यासाठी ‘संजीवनी’ अभियान सुरू झालं. हळद काढण्या-शिजवण्याचे ते दिवस. आशाताई घरोघर फिरल्या आणि २,९२,९९६ बायकांनी प्रश्नावली भरली. त्यांतल्या १४,५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणं आढळल्याचं आरोग्यमंत्र्यांनी जुलैत विधान परिषदेत सांगितलं, तेव्हा अनेकांच्या काळजात धस्स झालं. पण लक्षण म्हणजे रोग नव्हे. त्या वेळेपर्यंत निदान झालं होतं ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं ३, स्तनाच्या १ आणि तोंडाच्या ८ जणींत. चाळणी अशीच लागते, आधी जाड आणि मग बारीक.

या यादीत अंडाशय नाही, आणि त्याला कारण आहे. तोंडात बॅटरी मारून पाहता येतं, स्तनातली गाठ हाताला लागते, गर्भाशयाचं तोंड डॉक्टरांना दिसतं. अंडाशयं मात्र बदामाएवढी, ओटीपोटात खोल दडलेली. त्यांचा सर्वांत घातक कर्करोग बहुतेक वेळा बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतो. तिथून सुटलेल्या पेशी पोटाच्या अस्तरावर बियांसारख्या विखुरतात. बाईला काही जाणवेपर्यंत पुष्कळदा पोटात पाणी साचू लागलेलं असतं.

मग सगळ्याच बायकांची तपासणी का करू नये? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर हा प्रयोग झाला. काहींची दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी, काहींची सोनोग्राफी. २०२१ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. याउलट आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत, एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच केलेल्या तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं २००९ मध्ये दिसलं होतं. अंडाशयासाठी तशी चाचणी अजून हाती नाही. पॅप स्मिअर ही गर्भाशयमुखाची तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणजे अंडाशयही ठीक, हा समज तर अगदी चुकीचा आहे.

म्हणून बाईनं स्वतःच्या पोटाचं ऐकायचं. हातपाय वाळतायत, गालफडं बसलीयत, पण परकराची नाडी दर महिन्याला सैल बांधावी लागतेय. अर्ध्या भाकरीतच पोट भरतंय. ओटीपोट दुखतंय, लघवीला सारखं जावं लागतंय. घरात यावर ओवा दिला जातो, दुकानातून गॅसची गोळी येते. गॅस एक-दोन दिवसांत उतरतो. हे दुखणं उतरत नाही. अभ्यासकांनी एक साधं माप दिलंय: गेल्या वर्षभरातच सुरू झालेला असा त्रास महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर तपासणी हवी. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मोजत बसू नये, लगेच दाखवावं.

“माझी पिशवी काढलीय, आता मला काय होतंय?” हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. पिशवी म्हणजे गर्भाशय. ते काढताना अंडाशयं पुष्कळदा ठेवलेली असतात, आणि धोकाही त्यांच्याबरोबर राहतो. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर हा धोका वाढतो. बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे चाळीस जणींना आयुष्यात कधी तरी अंडाशयाचा कर्करोग होऊ शकतो.

पोटात पाणी झालं म्हणजे कर्करोगच, असंही नाही. पोटाच्या क्षयातही पाणी होतं आणि सीए-१२५ वाढतं. म्हणून एका रक्ताच्या कागदावरून कुणी निकाल देऊ नये. पण रोग अंडाशयापुरता असतानाच सापडला, तर दहापैकी नऊ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. पोटभर पसरल्यावर तिघी-चौघीच.

आजपासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्रासाच्या दिवशी फुली मारा. महिन्यात बारापेक्षा जास्त फुल्या झाल्या, तर ते कॅलेंडरच डॉक्टरांपुढे ठेवा आणि पोटाची सोनोग्राफी करायची का, ते विचारा. पिशवी काढली असेल, तर ऑपरेशनचे कागदही सोबत न्या.